कुसुमताईंच्या एकशे सतरा चिठ्ठ्या

"तुमच्या सामानात दुसऱ्या कोणी दिलेली वस्तू आहे का?" असा प्रश्न येणार आणि त्याला "नाही" एवढंच उत्तर द्यायचं, हे आमच्या टूरवाल्या दीप्तीने अम्मानच्या हॉटेलपासून जॉर्डन-इस्रायल सीमेवरच्या पुलापर्यंत बसमध्ये चार वेळा घोटून घेतलं होतं. पहिलीच्या पोरांकडून पाढे म्हणून घेतात तसं. आम्ही एकतीस जण एका सुरात "नाही" म्हणालो होतो. माझ्या बॅगेत नागपूरच्या मोहननगरमधल्या शेजाऱ्यांनी यरुशलेमात लावायला दिलेल्या मेणबत्त्यांचा अख्खा पुडा होता, तरी माझं "नाही" सगळ्यांत खणखणीत होतं. तपासणीच्या खिडकीवर माझी पाळी आली तेव्हाही ते तसंच निघालं.

माझ्यामागे कुसुमताई होत्या. त्यांनी उजवा कान पुढे करून प्रश्न पुन्हा एकदा विचारायला लावला, नीट ऐकला आणि म्हणाल्या, "येस."

"कोणी दिली?"

"वन हंड्रेड सेव्हन्टीन पीपल," कुसुमताई म्हणाल्या.

खिडकीतल्या मुलीने पेन खाली ठेवलं. दोन मिनिटांत त्यांची खांद्यावरची कापडी पिशवी वेगळ्या टेबलावर गेली, त्यांचा पासपोर्ट त्या मुलीच्या खिशात गेला, आणि मी पुढेच उभा होतो म्हणून माझाही गेला. आमचे बाकीचे लोक दीप्तीबरोबर केव्हाच शिक्का घेऊन पलीकडे पोचले होते. तिथून मागे फिरता येत नाही. दुपारचा एक वाजत आला होता आणि पूल तीनला बंद व्हायचा होता.

मला असा संताप आला की काय सांगू. सदुसष्ट वर्षांच्या बाईला एवढी अक्कल नसावी? पण तुम्हालाही ती वेडी वाटायच्या आत ही बाई कोण ते सांगायला हवं.

कुसुमताई मूळच्या कुही तालुक्यातल्या. धानाच्या बांध्यांतून वाढलेली पोर मिशनच्या वसतिगृहात शिकायला नागपूरला आली आणि इथलीच झाली. चाळीस वर्षं त्या आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, प्रचारिका होत्या. प्रचारिका म्हटलं की लोकांना वाटतं, चौकात उभं राहून भाषण ठोकणारी बाई. कुसुमताईंनी जन्मात भाषण केलं नाही. सकाळी नागपूरच्या सदरमधून कोराडीची बस धरायची, वीज केंद्राच्या कॉलनीत क्वार्टर क्वार्टर फिरायचं, आजाऱ्याजवळ बसायचं, प्रार्थना करायची, अर्धा कप चहा घ्यायचा आणि पुढचं दार. बोलावील त्याच्या घरी त्या जायच्या, तो कोणत्या देवाचा हे विचारायच्या नाहीत. मी तिथेच कोळसा विभागात चौतीस वर्षं सुपरवायझर होतो. संध्याकाळी पातळावर माझ्याइतकीच राख घेऊन त्या परतायच्या.

त्यांचा डावा कान लहानपणी गोवरात गेला. पंचविशीत एक स्थळ आलं होतं, मुलगा रेल्वेत होता. घरच्यांनी बजावलं, पाहुण्यांकडे उजवी बाजू करून बस, बाकी आम्ही बघतो. हिने पोह्यांच्या बश्या ठेवल्या आणि सासूबाई होऊ घातलेल्या बाईंना सांगितलं, "मले या कानाने ऐकू येत नाही. तुमाले कोणी सांगितलं नसन, म्हणून सांगून राहिली." पाहुणे पोहे खाऊन गेले ते गेलेच. ही गोष्ट त्या स्वतःच हसत हसत सांगतात.

त्या कानामुळेच चिठ्ठ्या सुरू झाल्या. कुसुमताईंना गुपित सांगायचं म्हणजे मोठ्याने सांगायचं, आणि कॉलनीत मोठ्याने सांगितलेलं तीन क्वार्टरांत ऐकू जायचं. मग बायका मनातलं कागदावर लिहून देऊ लागल्या. कागदाची चार वेळा घडी, वर फक्त नाव. कुसुमताई ती कधीही उघडत नाहीत. हातात धरतात, नाव घेतात, डोळे मिटतात. "आतलं देव वाचते, माझं काम फक्त न्यायचं," असं त्यांचं म्हणणं. प्रार्थना झाली की चिठ्ठी जिची तिला परत.

आणि अशी बाई खोटं बोलत नाही, त्यामुळे तिची पंचाईत व्हायची. कोणी आडून काही विचारलं आणि सांगताही येईना, नाकारताही येईना, की त्या चष्मा काढून पदराने पुसत बसायच्या. सगळ्या मंडळीला हे माहीत होतं. ताईंनी चष्मा पुसायला घेतला, म्हणजे उत्तर "हो" आहे असं समजायचं आणि पुढे विचारायचं नाही.

मी अगदी उलटा. खोटं मला सहज येतं आणि मला त्याची कधी लाजही वाटली नाही. नऊ वर्षांपूर्वी माझ्या बायकोला, इंदूला, पोटाचा कॅन्सर निघाला. मी घरात फर्मान काढलं की तिला कळता कामा नये. ॲसिडिटी आहे म्हणायचं. माझा मुलगा विक्की तेव्हा बत्तीस वर्षांचा. तो म्हणाला, "बाबा, आईले सांगू. तिले काही बोलायचं असन." मी त्याच्यावर असा ओरडलो की पुन्हा त्याने विषय काढला नाही. रोज संध्याकाळी मी इंदूला विचारायचो, बरं वाटून राहिलं ना? ती माझ्याकडे थोडा वेळ बघायची आणि म्हणायची, "हो, ॲसिडिटीच आहे." दर बुधवारी कुसुमताई यायच्या आणि दोघी दार लावून बसायच्या. अकरा आठवड्यांत ती गेली. शांत गेली, याचं श्रेय मी मनातल्या मनात स्वतःलाच देत आलो होतो.

ही यात्रा मंडळीने कुसुमताईंना निवृत्तीची भेट म्हणून दिली होती. त्या प्रार्थनेला निघाल्या होत्या. मी निघालो होतो बघायला, सरळ सांगतो. तिकीट विक्कीने काढलं. तो मिहानमध्ये विमानांच्या दुरुस्तीच्या कंपनीत आहे. म्हणाला, "बाबा, जिंदगी कोळशात गेली तुमची, आता दुनिया पाहून या." मी म्हटलं ऑक्टोबरात जाऊ, थंडीच्या तोंडावर. तो हटूनच बसला, आताच, मार्चमध्ये. माझ्या हृदयात दोन स्टेंट आहेत म्हणून सूनबाईने, प्रीतीने, दहा दिवसांच्या गोळ्या दहा पुड्यांत घातल्या आणि प्रत्येकीवर वार लिहिला. नागपूरच्या विमानतळावर माझी सूटकेस विक्कीने उचलली नाही, टॅक्सीवाल्याने उचलली. मी चारचौघांत त्याला म्हटलं, "जवानीतच कंबर गेली का रे तुझी?" तो हसला.

तर, पुलावर आम्हाला एका खोलीत नेलं. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर कॅलेंडर. समोर तीच मुलगी, केस घट्ट बांधलेले, वय असेल सव्वीस-सत्तावीस. रबर लावलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा मध्ये. एकशे सतरा बारीक घड्या, अनोळखी लिपी आणि घेऊन येणारी बाई म्हणते की आत काय आहे ते मलाही माहीत नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही सोडलं नसतं. आधी तिने एक चिठ्ठी स्वतःच उघडून तिच्यावर फोनचा कॅमेरा धरला, कारण आजकाल फोन कोणतीही भाषा वाचतो. पण कॉलनीतलं ते घाईचं अक्षर फोनला लागेना. त्याने इंग्रजीत "सोमवार हिरवी सासू" असं काहीतरी काढलं. तेव्हा तिने मला बसवलं. म्हणाली, ही बाई उघडेल, तुम्ही वाचा आणि मला सांगा.

मी कुसुमताईंना सांगितलं.

"नाही," त्या म्हणाल्या.

"नाही काय? उघडा ना जी पटापट!"

"दुसऱ्याच्या चिठ्ठ्या आहेत. मी शब्द देऊन आणल्या. तिले सांगा, मी परत जाते. अम्मानले थांबते तुम्ही येईपर्यंत."

आदल्या दिवशी आम्ही नबो डोंगरावर गेलो होतो. मोशेने तिथून वचनदत्त देश बघितला, पण त्याला आत जाता आलं नाही. कुसुमताई तिथल्या कठड्याशी उभ्या राहून पलीकडच्या धुरकट टेकड्यांकडे बघत रडल्या होत्या. उद्या आपले पाय तिथे लागणार म्हणून रडल्या होत्या. आणि आता ही बाई कागदाच्या चिठोऱ्यांसाठी परत जायचं म्हणत होती. मी कपाळावर हात मारून घेतला.

अर्धा तास घासाघीस केली. शेवटी असं ठरलं की ती मुलगी आपल्या मनाने दहा चिठ्ठ्या काढेल. कुसुमताई वरचं नाव अंगठ्याखाली झाकून घडी उघडतील, मी वाचून सांगेन, आणि कोणाचं काय आहे हे या खोलीबाहेर नेणार नाही. कुसुमताईंनी तिथेच माझ्याकडून तशी शपथ घेतली. मग डोळे मिटून त्या काहीतरी पुटपुटल्या. लिहिणाऱ्यांची माफी मागत असाव्यात.

पहिली चिठ्ठी, मुलीचा नर्सिंगला नंबर लागू दे. दुसरी, नवऱ्याची दारू सुटू दे, नाहीतर मलाच सोडव. तिसरी कोरी निघाली. मुलीने ती उजेडाकडे धरली, उलटसुलट केली, बोट घासून बघितली आणि तिचा चेहरा कठोर झाला. कोरा कागद कशाला कोणी देश ओलांडून नेईल?

"तिले लिहिता येत नाही," कुसुमताई म्हणाल्या. "म्हणून का तिने देऊ नाही?"

मी ते सांगितलं. मुलीने तो कागद बाजूला ठेवला आणि चौथी चिठ्ठी काढली. तीत एका बाईने शेजारणीचा मत्सर वाटतो म्हणून क्षमा मागितली होती. नाव अंगठ्याखाली असूनही मजकुरावरून दोघी कोण ते मला कळलं आणि रविवारी त्यांच्या तोंडाकडे कसं बघायचं या विचाराने मी घामाघूम झालो. पाचवी, सहावी. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

सातवी तिने काढली आणि कुसुमताईंच्या हातात दिली. कुसुमताईंनी वरचं नाव बघितलं आणि त्यांचा हात थांबला.

"ही नाही," त्या म्हणाल्या. "दुसरी घ्यायले सांगा."

मला हे सांगावंसुद्धा लागलं नाही. मुलीला सूर कळला. ती खुर्चीत ताठ बसली. सहा उघडल्या आणि सातवीलाच का अडलं? तिने टेबलावरच्या फोनवर हात ठेवला. वरच्या साहेबाला बोलावलं की दोघांचेही पासपोर्ट परतीच्या बसमध्ये जाणार, हे तिने मला सावकाश, दोनदा सांगितलं.

"ताई, काहून अडून राहिल्या तुम्ही?" मी ओरडलो. "तुमच्यापायी माझीही फजिती! एक चिठ्ठी आहे, उघडा!"

"गोपाळराव, तुम्ही बाहेर जा. दुसऱ्या कोणाले वाचू द्या."

"दुसरं कोण आहे इथे मराठीचं?"

त्यांनी अंगठा नावावर दाबून धरलेला. पण घाबरलेल्या हाताचा अंगठा हलतो. मला नाव दिसलं नाही, वरची शिरोरेघ दिसली. पट्टीने आखल्यासारखी सरळ, सलग, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. माझ्या शर्टाच्या खिशात गोळ्यांची पुडी होती. ती काढायची गरज नव्हती, तरी मी काढली. तिच्यावर "बुधवार" लिहिलं होतं, तशीच रेघ ओढून. प्रीती शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते.

"ही आमच्या प्रीतीची आहे," मी म्हणालो.

कुसुमताई माझ्याकडे बघेनात.

"माझ्या घरची आहे. माझी परवानगी आहे. उघडा."

"लिहिणारीची पाहिजे, तुमची नाही."

"काय लिहिलं आहे तिने? मला कळू नये असं काय आहे?"

"मी उघडली नाही. मले माहीत नाही. पण तुमच्या हाती ही पडू देणार नाही, असं मी तिले बोलली. आता मले परत जावं लागलं तरी चालन."

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याजागी भीती आली. ती मुलगी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिला एक शब्द कळला नव्हता, पण भांडण कशावरून आहे ते कळलं असावं. तिने स्वतःचा फोन उचलला आणि मला म्हणाली, तुमची गरज नाही, मी पुन्हा याने बघते.

मी कुसुमताईंना तसं सांगितलं. त्यांनी विचार केला. मग म्हणाल्या, "तिले विचारा, ती तुमाले सांगन काय?"

म्हणजे माझ्यापासून लपवायची गोष्ट लपवशील ना, हे माझ्याच तोंडून विचारायचं. मी विचारलं. माझं इंग्रजी त्या वेळी मलाच परक्याचं वाटलं.

"नाही," मुलगी म्हणाली. "सांगणार नाही."

कुसुमताईंनी घडी उघडली आणि कागद माझ्याकडे पाठ करून तिच्यासमोर धरला. प्रीतीचं अक्षर छापल्यासारखं असतं. बाकीच्या चिठ्ठ्यांना अडखळलेला फोन या चिठ्ठीला अडखळला नाही. मुलगी वाचत होती आणि मी तिच्या डोळ्यांकडे बघत होतो. ती शेवटपर्यंत गेली, पुन्हा वर आली, पुन्हा खाली गेली. मग तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. आणि मग माझ्याकडे.

उरलेल्या तीन चिठ्ठ्या तिने काढल्याच नाहीत. उघडलेल्यांच्या घड्या घालून तिने सगळ्या गोळा केल्या, स्वतः रबर लावलं, गठ्ठा दोन्ही हातांनी कुसुमताईंना दिला, दोन्ही पासपोर्टांवर शिक्के घेतले आणि मला म्हणाली, "सर, तुम्हाला पाणी देऊ का? थोडं बसता का?"

तासभर ती मला "यू" म्हणत होती. आता मी एकदम "सर" झालो होतो. जिचं नावही मला ठाऊक नाही अशा परक्या मुलुखातल्या पोरीला माझ्या घरातलं काहीतरी माहीत होतं आणि मला नव्हतं. पाणी मी घेतलं नाही.

बाहेरच्या लांब वाटेवर मी कुसुमताईंच्या उजव्या बाजूला गेलो.

"ताई, विक्की बरा आहे ना?"

त्या चालत राहिल्या.

"चिठ्ठी देताना ती काही बोलली असन. विक्कीचंच आहे काय?"

कुसुमताई थांबल्या. लोक आमच्या दोन्ही बाजूंनी पुढे जात होते. त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला लागल्या. काच स्वच्छ होती, तरी त्या पुसत होत्या.

बसमध्ये सगळे आमच्यावर चिडलेले होते. मी दीप्तीचा फोन मागून घेतला आणि विक्कीला लावला. नागपुरात तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले असावेत. त्याने लगेच उचलला.

"बाबा! पोचले काय? दिसलं काय यरुशलेम?"

"रस्त्यात आहो. तू कुठं आहे?"

"इथंच, मिहानले. काम चालू आहे."

मी ऐकत राहिलो. त्याला दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत होता. आणि त्याच्या मागून एक बाई हिंदीत सांगत होती, "अटेंडंट लोग बाहर जाइए, मिलने का टाइम खतम हो गया." एवढं स्पष्ट ऐकू आलं, की दवाखान्यातला तो वाससुद्धा मला आला.

ओठांवर आलं होतं, कोणत्या दवाखान्यात आहे रे, काय झालं तुला. मी बोललो असतो तर तो घाबरला असता. बाबांच्या हृदयाचं काय होईल म्हणून घाबरला असता, आणि तिथे पडल्या पडल्या त्याला माझीच काळजी लागली असती. त्याला जे करायचं होतं ते मला दूर ठेवून, मला जग बघायला पाठवून, निवांत करायचं होतं. तेवढंच मी त्याला देऊ शकत होतो.

"आवाज काहून असा येऊन राहिला तुझा?" एवढं मात्र निघून गेलं.

"काही नाही, बाबा. ॲसिडिटी झाली थोडी."

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर काय होतं ते आठवत नाही. मला इंदू दिसली, संध्याकाळी पलंगावर बसलेली, माझ्याकडे थोडा वेळ बघणारी. ती काय बघत होती ते मला नऊ वर्षांनी त्या बसमध्ये कळलं. मी खोटं किती नीट बोलतो, आणि ते मला किती हवं आहे, हे ती बघत होती.

"बरं," मी विक्कीला म्हटलं. "गोळी घे. मी मस्त आहो."

फोन ठेवला आणि मी रडलो, बसमध्ये सगळ्यांसमोर. लोकांना वाटलं, भक्तीने रडतो आहे.

दुसऱ्या दिवशी गुरुवारी सकाळी आम्हाला येशूने अटकेच्या रात्री प्रार्थना केली त्या गेथशेमाने बागेत नेलं. जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची, जुनी झाडं, बुंधे दोघांच्या कवेत न मावणारे. दीप्तीने सगळ्यांना तासाभराची मोकळीक दिली, लोक फोटो काढत सुटले. कुसुमताई कुंपणाशी दगडावर बसल्या आणि गठ्ठा सोडला. एक चिठ्ठी, एक नाव, डोळे मिटून प्रार्थना, पुढची चिठ्ठी. मी, बघायला आलेला माणूस, काहीही न बघता त्यांच्या शेजारी बसलो होतो. दीप्तीचा फोन माझ्या मुठीत होता. मला एवढंच कळलं होतं की पुलावरच्या त्या मुलीने कॅलेंडर बघितलं, म्हणजे तारखेचं काहीतरी आहे. आज असेल, उद्या असेल, कदाचित काल होऊन गेलं असेल.

प्रीतीची चिठ्ठी आली तेव्हा कुसुमताईंनी ती माझ्या हातात दिली.

"धरा," त्या म्हणाल्या. "उघडू नका."

"आणि उघडली तर?"

"तर उघडाल. मी तुमच्या भरवशावर देऊन राहिली."

ती घडी त्या मुलीने आपल्या पद्धतीने घातली होती, तिरपी. नुसतं नख लावलं असतं तरी उघडली असती. कुसुमताईंनी प्रीतीचं नाव घेतलं, डोळे मिटले. मला प्रार्थना येत नाहीत असं नाही, लहानपणापासूनच्या पाठ आहेत. पण त्या वेळी एकही आठवेना. मी आपला "विक्की, विक्की" म्हणत राहिलो. देवाला तेवढं पुरलं असेल तर त्याची कृपा. कागद हातातल्या घामाने मऊ पडला, पण मी तो उघडला नाही. कसा राहिलो माझं मला माहीत.

फोन वाजला तेव्हा शेवटच्या दहाबारा चिठ्ठ्या राहिल्या होत्या. प्रीती होती. आधी ती नुसतीच रडली, आणि तेवढ्या वेळात मी मेलो आणि पुन्हा जिवंत झालो.

"बाबा, विक्कीच्या हृदयाची झडप बदलली. सकाळीच नेलं होतं. तुमाले सांगितलं नाही, माफ करा जी. डॉक्टर म्हणे चांगलं झालं. आत्ताच शुद्धीवर आले, तुमचं नाव घेतलं."

कुसुमताईंनी माझ्या हातातून चिठ्ठी काढून घेतली आणि राहिलेली नावं घ्यायला लागल्या. एकही गाळलं नाही.

यात्रेचे उरलेले दिवस मी गालील बघितलं, यार्देन नदीत पाय बुडवले, तिच्या पाण्याच्या बाटल्या भरल्या, मेणबत्त्या लावल्या. लोक विचारतात कसं होतं. चांगलं होतं.

नागपूरला उतरलो ते सामानासकट दवाखान्यात. कुसुमताईही आल्या, चिठ्ठी परत करायची होती म्हणून. ती प्रीतीच्या हातात देताना त्यांनी आधी सांगितलं, "तुझी चिठ्ठी उघडली गेली, माय. बाबांनी नाही वाचली, पण एका परक्या पोरीने वाचली. माझ्याच्याने थांबवणं झालं नाही." प्रीतीने त्यांच्या गळ्यात हात टाकले. मग त्या दाराजवळच्या स्टुलावर बसल्या.

विक्की उशीला टेकून बसला होता, छातीवर पट्टी, दाढी वाढलेली. मी त्याच्या पलंगावर बसलो. त्याला आधी मला समजावायचं होतं.

"बाबा, राग नका धरू. तुमचं हार्ट असं, म्हणून नाही सांगितलं. तुमाले माहीत नव्हतं म्हणून तर मी शांत गेलो आत."

तयार उत्तर जिभेवर होतं. कुठं रे, मले काही कळलंच नाही, मी तर फोटो काढून राहिलो होतो. त्याला बरं वाटलं असतं. पण मी दाराकडे बघितलं आणि ते उत्तर गिळलं.

"माहीत होतं, विक्की. बुधवारी तुझ्याशी बोललो तेव्हाच कळलं होतं."

त्याने उशीवरून मान उचलली.

"मग बोलले काहून नाही?"

"तुझी आई तरी कुठं बोलली होती?"

विक्कीचा चेहरा हळूहळू बदलला. बत्तिसाव्या वर्षी माझ्यासमोर उभा राहून आईला सांगू म्हणणारा पोरगा मला त्यात दिसला.

"आईले माहीत होतं?" त्याने मला विचारलं.

मी त्याला काय सांगणार? मला तरी कोण सांगणार होतं? आम्ही दोघांनी एकदमच स्टुलाकडे बघितलं. कुसुमताईंनी ऐकायला उजवा कान पुढे केला होता, म्हणजे त्यांना ऐकू आलं होतं. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग विक्कीकडे. मग चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला.